कबुतराचा दास : मालकम या नावाची गोष्ट

आनेकल हे नाव मराठी कानाला फसवते. कन्नडात 'आने' म्हणजे हत्ती आणि 'कल्लु' म्हणजे दगड, एवढे कळू लागले की माणूस या गावात हत्तीएवढा दगड शोधायला लागतो. पण 'आनेकल्लु' हा कन्नडातला सबंध शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे गार. वळवाच्या पावसात पडते ती. इथे शब्द फोडला की अर्थ हातातून जातो. ज्या नावाविषयी आज लिहायचे आहे त्याचे मात्र उलट आहे. ते फोडल्याशिवाय उलगडत नाही. ते नाव मालकम.

आनेकलशी त्याचा संबंध 1799 सालचा. टिपू सुलतानावर चालून निघालेली जनरल हॅरिसची फौज त्या वर्षी फेब्रुवारीत वेल्लोरहून निघाली आणि मार्चमध्ये रायकोट्टै, केलमंगलम असे मुक्काम करीत आनेकल-होसूरच्या या पट्ट्यातून पुढे सरकली. तिच्याबरोबर निजामाची फौज होती, आणि त्या फौजेत जॉन मालकम नावाचा तिशीच्या आतला एक स्कॉटिश कॅप्टन होता. 4 मे रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि म्हैसूरची नवी घडी बसवण्यासाठी नेमलेल्या कमिशनचे सचिव म्हणून मालकम आणि टॉमस मन्रो यांची निवड झाली.

मालकमचा जन्म 1769 चा, दक्षिण स्कॉटलंडमधल्या बर्नफूटचा. सतरा भावंडांचे घर, पैशाची ओढगस्त. तेराव्या वर्षी त्याला कंपनीच्या संचालकांपुढे उभे केले गेले. हैदर अली समोर आला तर काय करशील, असे विचारल्यावर पोराने तलवार उपसून त्याचे डोके उडवीन म्हणून उत्तर दिले आणि नोकरी मिळवली, अशी आख्यायिका आहे. गंमत अशी की या मुलाच्या आडनावाचा अर्थ आहे कबुतराचा दास.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि आयर्लंडमध्ये जी गेलिक भाषा बोलली जाई, ती केल्टिक कुळातली. त्या भाषेत हे नाव 'मेल कोलुम' असे होते. 'मेल' म्हणजे मुंडण केलेला. ख्रिस्ती मठात शिरताना डोक्यावरचे केस काढत, म्हणून मुंडित म्हणजे दीक्षा घेतलेला आणि त्यावरून भक्त, दास. 'कोलुम' हा लॅटिन 'कोलुंबा'वरून आला. त्याचा अर्थ कबुतर. हे कबुतर म्हणजे सहाव्या शतकातला आयरिश संत कोलुंबा. 563 साली तो समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आयोना बेटावर आला, तिथे त्याने मठ उभारला आणि 597 मध्ये तिथेच देह ठेवला. मायदेश सोडण्यामागे एका पोथीच्या नकलेवरून पेटलेली लढाई होती, असे परंपरा सांगते. नावाने कबुतर, पण पायाशी रणांगण, हा योग या नावाच्या वाट्याला अगदी मुळापासून आलेला दिसतो.

संताचे नाव जसेच्या तसे पोराला द्यायला गेलिक माणूस कचरत असे. म्हणून तो 'अमुक संताचा दास' असे नाव ठेवी. गिलख्रिस्ट म्हणजे ख्रिस्ताचा सेवक, मालकम म्हणजे कोलुंबाचा. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. नारायण सूर्याजी ठोसरांनी रामदास हे नाव घेतले आणि एकनाथांच्या पणजोबांचे नाव भानुदास होते. देवाचे नाव आपल्या अंगावर घ्यायचे ते त्याच्या पायाशी बसून, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

या दासांमधले चौघे मात्र राजे झाले. दहाव्या ते बाराव्या शतकांत स्कॉटलंडच्या गादीवर चार मालकम बसले. त्यांतला तिसरा, 1058 ते 1093 पर्यंत राज्य करणारा, शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधून जगाला माहीत झाला. हे नाटक मराठीत आले तेव्हा त्यातली माणसे मराठी झाली. शिवराम महादेव परांजपे यांच्या रूपांतराचे नावच 'मानाजीराव'. रंगभूमीवरून मालकम गेला, पण महाराष्ट्राच्या इतिहासात तो तोवर शिरून बसला होता.

21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, त्यात जॉन मालकम पुढे होता. पुढच्या 6 जानेवारीला होळकरांशी मंदसौरचा तह झाला, तोही त्याच्याच हाताने. आणि जून 1818 मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो याच माणसाला. मालकमने त्याला वर्षाला आठ लाख रुपये देण्याचे कबूल केले. गव्हर्नर जनरलला ही रक्कम फार वाटली. पण दिलेला शब्द फिरवता येईना. बाजीराव बिठूरला जाऊन राहिला आणि 1851 मध्ये वारेपर्यंत ते पैसे घेत राहिला. पुढे त्याच्या दत्तक मुलाला, नानासाहेबाला, हे वेतन नाकारले गेले, आणि त्यातून काय झाले ते 1857 ने दाखवले. मराठी माणसाने या मालकमकडे कसे पाहावे? त्याने पेशवाई बुडवली असे म्हणता येते आणि पेशव्याला उपाशी ठेवले नाही असेही म्हणता येते. दोन्ही खरे आहे.

1827 मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरच्या पठारावर आजारी गोऱ्या शिपायांसाठी थंड हवेचे ठिकाण वसवण्याची कल्पना त्याने उचलून धरली आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनी तिथवर रस्ता करून दिला. 1829 च्या करारात डोंगरावरची जागा कंपनीला मिळाली. बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव छत्रपतींकडे आले. नव्या वस्तीला नाव पडले मालकम पेठ. सहाव्या शतकातल्या आयरिश संताचे नाव असे सह्याद्रीच्या माथ्यावर बाजारपेठ होऊन बसले. पाटी वाचणाऱ्या मराठी माणसाला त्यात 'माल' आणि 'कम' ऐकू आले असतील. कबुतर कुणाच्या ध्यानात येणार?

मुलाचे नाव म्हणून ते आपल्याकडे क्वचितच आढळते, आणि तेही बहुधा ख्रिस्ती घरांत. त्यांत एक मोठे नाव मालकम आदिशेषय्या यांचे. हे तमिळ अर्थतज्ज्ञ 1910 मध्ये वेल्लोरला जन्मले आणि पुढे युनेस्कोचे उपमहासंचालक झाले. हॅरिसची फौज ज्या गावाहून निघाली तिथेच शंभरेक वर्षांनी हे नाव एका तमिळ बाळाला मिळाले, त्याच्यापुढे शेषाचे नाव लागले, आणि दोन्ही एकत्र सुखाने नांदली. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नाव भरपूर ठेवले जाई. आज तिथे ते आजोबांचे नाव झाले आहे. मराठी पोरांच्या तोंडी ते आले क्रिकेटमुळे, वेस्ट इंडीजच्या माल्कम मार्शलमुळे.

पण या नावाचा सर्वांत टोकदार प्रवास अमेरिकेत झाला. 1925 मध्ये जन्मलेल्या मालकम लिटलने आपले आडनाव टाकून दिले, कारण ते पूर्वजांना गुलाम करणाऱ्या मालकाकडून आलेले होते. त्याच्या जागी त्याने एक्स हे अक्षर लावले. पहिले नाव मात्र ठेवले. गुलामीची खूण पुसणारा माणूस 'दास' हा अर्थ असलेले नाव घेऊन जगाला ओळखू आला. नाव कुठून आले हे शब्दकोश सांगतो. ते कुणाचे झाले हे ज्याने ते वागवले तोच ठरवतो.

महाबळेश्वरला आज कुणी मालकम पेठेला जातो असे म्हणत नाही. गोऱ्यांनी वसवलेला बाजारच महाबळेश्वर झाला आहे. ज्या देवस्थानाचे हे मूळ नाव, ते काही किलोमीटरवर आहे, आणि त्याला आता ओळखीसाठी 'क्षेत्र' किंवा 'जुने' असा शब्द आधी जोडावा लागतो. दोनशे वर्षांत दासाचे नाव पेठेवरून उतरले आणि देवाचे नाव तिथे येऊन बसले. मूळ मालकमला, आयोनाच्या मठात डोके मुंडून बसलेल्या त्या कुणा अनाम माणसाला, यात काही वावगे वाटले नसते.