मुक्या माराची गोष्ट

श्रोतेहो, कबड्डीत एखादे पोरगे डोक्यावर आपटले, तर आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, “काही नाही झालं, ऊठ!” म्हणतो आणि पुन्हा खेळायला धाडतो. जगानेही पुष्कळ वर्षे हेच केले.

१९२८ साली अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांविषयी निबंध लिहिला. वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेले काही गडी दारू न पिताही झोकांड्या खातात; दोष मेंदूला बसलेल्या हादऱ्यांचा, असे त्यांनी मांडले. शाळकरी मुलांकडे मात्र लक्ष फार उशिरा गेले. २००६ साली वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा एक खेळाडू अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्यावर आपटला, थोड्या वेळाने पुन्हा उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. जीव वाचला, पण अपंगत्व आले. २००९ साली तिथे कायदा झाला: संशय आला की मूल मैदानाबाहेर, वैद्यकीय दाखल्याशिवाय परत खेळणे नाही.

आता गुरुजी, हे ध्यानात ठेवा. मूल बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. डोके दुखते का, गरगरते का, बोलणे अडखळते का, ते बघा. नाव-गाव विचारून भागत नाही, “शेवटचा गुण कोणी घेतला?” असे नुकतेच घडलेले विचारा. उत्तर बरोबर आले, तरी शंका असल्यास खेळ बंदच. वारंवार उलटी, आकडी किंवा न आवरणारी गुंगी दिसली, तर लगेच इस्पितळ गाठा.

पोरगे म्हणेल, “मी बरा आहे, खेळू द्या.” त्या दिवशी त्याचे ऐकू नका.