फॉर्म एक, बटणं दोन

तर मंडळी, नोव्हेंबर १९९५. एचटीएमएल २.० चा दस्तऐवज आला, आरएफसी १८६६. त्यात अख्ख्या फॉर्मला पाठवायचा पत्ता एकच, ‘ॲक्शन’. मग ‘मसुदा जतन करा’ आणि ‘अर्ज पाठवा’ अशी दोन बटणं असली तर? कुठलं दाबलं ते सर्व्हरनं बटणाच्या नावावरून ओळखायचं, नाहीतर जावास्क्रिप्टनं ऐनवेळी पत्ता बदलायचा. खटपटच ती!

२०१४ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल५ नं पत्ता थेट बटणावर लिहू दिला: ‘फॉर्मॲक्शन’. पण मला मोलाचं वाटतं ते ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’. कारण त्याच आवृत्तीत ‘रिक्वायर्ड’ही आलं, एक रकाना रिकामा, की ब्राउझर अर्ज अडवणार. (सर्व्हरवरची तपासणी सुटत नाही, बरं का.) मसुद्याच्या बटणावर ते लावलं, की अर्धवट अर्ज रात्री ठेवून, सकाळी दाखला हाती आल्यावर पुरा करता येतो.