सी भाषेतील ‘आरपीसी’ सर्व्हर

पिंपरी-चिंचवड वा चाकण पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात एक संगणक जुळणीच्या लाइनवर, तर दुसरा भांडारात असतो. एकावरील प्रोग्रॅमने दुसऱ्यावरील फंक्शन जणू स्वतःचेच असल्याप्रमाणे चालवून घेण्याच्या पद्धतीस ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ म्हणतात. झेरॉक्सचे अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांचा यावरील पायाभूत निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सन कंपनीची पद्धत युनिक्सवर रूढ झाली.

तीत कार्यांची नावे व माहितीचे प्रकार ‘.एक्स’ फाइलमध्ये नोंदवले की ‘आरपीसीजेन’ सर्व्हरचा सांगाडा तयार करते. सर्व्हर आपला पत्ता १११ क्रमांकाच्या पोर्टवरील ‘पोर्टमॅपर’कडे नोंदवून विनंतीची वाट पाहतो. उत्तर पॉइंटरच्या रूपात द्यायचे असल्याने ते ‘स्टॅटिक’ व्हेरिएबलमध्ये ठेवावे लागते. नवशिके हमखास येथे फसतात.

खरी कसोटी निराळीच. ‘१०० बेअरिंग वजा करा’ ही विनंती यूडीपीवरून भांडाराच्या सर्व्हरला पोहोचली, साठा घटला, पण उत्तर वाटेत हरवले, तर क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. साठा दोनदा घटतो; माल मांडणीवर असूनही नोंदीत संपलेला दिसतो आणि लाइन विनाकारण थांबते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन सर्व्हरने तो साठ्याच्या नोंदीबरोबरच डिस्कवर लिहावा. केवळ मेमरीतील आठवण वीज गेल्यावर पुसली जाते.

लिनक्सच्या ‘जीलिबसी’तून ही सोय २०२० च्या २.३२ आवृत्तीत वगळण्यात आली; जुने सर्व्हर आता ‘लिबटीआयआरपीसी’शी जोडून बांधावे लागतात.