चिखल्याच्या डोंगराखाली

गोबरवाहीला उतरता तेव्हा साल आजचं असतं. टेकडी चढेस्तोवर 1907 उजाडलेलं असतं. 1905 च्या उठावाने रशियाच्या कॉकेशसमधून येणारं मँगनीज अडलंय, विलायतेतल्या पोलाद भट्ट्या भुकेल्या आहेत, आणि तुमसर तालुक्याच्या या टोकाचा काळा दगड एकाएकी भाव खाऊ लागलाय. मँगनीजच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. इथल्या चिखला गावाला त्याचा पत्ता नाही.

भुयार अजून खोल गेलेलं नाही, उघड्यावरच टेकडी फुटतेय. उन्हात बसलेल्या बायका हातोडीने दगड फोडून निवडतात. जड, काळा तो एका ढिगात. हलका, तपकिरी तो उताराखाली. तुम्ही एक उचलून पाहता. मुठीएवढा दगड, पण मनगट खाली ओढतो, आणि बोटं काजळी लागल्यासारखी काळी होतात. धुतली तरी नखांत राहतं. "सरक गा बाजूला, पायावर पडंन!" डोक्यावर टोपलं घेतलेली बाई ओरडते. तुम्ही सरकता. उतारावर फेकलेल्या दगडाकडे कोणीच पाहत नाही, तुम्ही मात्र नीट पाहून ठेवा.

आता साठ-सत्तर वर्षं पुढे या. 1962 मध्ये ब्रिटिश कंपनीच्या खाणी सरकारी भागीदारीच्या ‘मॉइल’ कंपनीकडे आल्या, 1977 मध्ये इंग्रजांचा उरलेला वाटाही सरकारने घेतला. बायका भुयारात दिसणार नाहीत. 1952 च्या कायद्याने त्यांना या काळात जमिनीखालच्या कामाची मनाई आहे. तुमच्या डोक्याला दिवा, कमरेला बॅटरी. (घरातल्या टॉर्चच्या सेलमध्येही मँगनीजच असतं, शेजारच्या डोंगरी बुजुर्गचा माल त्यासाठी नावाजलेला.) खाली उतरलात की वारा दमट होतो आणि पंपाचा आवाज पाठ सोडत नाही.

इथे कामाची रीत उलटी वाटेल. दगड खालून वर काढत जायचा. छताचा एक थर उडवला, माल उचलला, की रिकाम्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडायची. पाणी निथळून जातं, वाळू घट्ट बसते, आणि त्याच वाळूवर उभं राहून पुढचं छत फोडायचं. भरणी नसेल तर वरचा डोंगर खाली बसेल. म्हणजे खाणकामगाराचा जीव त्या वाळूवर आहे. पण वाळू येते कुठून? नदीच्या पात्रातून. डोंगरातला खड्डा बुजवायला नदीत खड्डा करायचा, असा हा हिशेब. खाणीच्या पर्यावरणावर बोलताना आपण धूळ मोजतो, झाडं मोजतो. ही वाळू क्वचितच कोणी मोजतं. अलीकडे खाणीचाच टाकाऊ दगड भरणीला वापरण्याचा मार्ग निघालाय. तो आधीच निघायला हवा होता.

आता आजच्या सालात या. चिखल्याची खाण चालूच आहे, पण तुम्ही काम संपलेल्या एका जुन्या भुयाराच्या तोंडाशी थांबा. अशा सोडलेल्या भागात पंप बंद झाला की पाणी आपल्या मूळ पातळीकडे परत चढू लागतं. कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीत गंधकामुळे पाणी आम्लधर्मी होतं. इथलं खनिज मुख्यतः ऑक्साइड आणि सिलिकेट, त्यामुळे तो धोका कमी. म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. मँगनीज श्वासातून वर्षानुवर्षं शरीरात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो, चेहरा निर्विकार होतो, चाल बिघडते; ग्लासगोच्या कूपरने हे 1837 मध्येच नोंदवलंय. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर 0.3 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं.

आणि उतारावर फेकलेला तो दगड? तो तिथेच राहिला. इंग्रजांच्या काळात खाण सोडून जाताना कोणी काही बुजवून जात नसे. खाण बंद करण्याची योजना आधीच मंजूर करून घेण्याचा नियम 2003 मध्ये आला, तोवर शतक उलटलं होतं. त्याआधीच्या ढिगांचा धनी शोधायला जाल तर हाती कंपन्यांची जुनी नावं लागतील, माणूस नाही.

पाणी तपासायला पैशाची सबब मात्र आता चालणार नाही. 2015 च्या कायद्याने प्रत्येक खाण-जिल्ह्यात, खाणींकडून पैसा घेऊन खाणग्रस्त भागावर खर्च करणारं खनिज प्रतिष्ठान आहे, आणि पिण्याचं पाणी हा त्याच्या निधीतला अग्रक्रमाचा विषय. तेव्हा गोबरवाही, चिखला, सितासावंगी भागातल्या ग्रामसभांनी एवढं करावं: हातपंपाच्या आणि विहिरीच्या पाण्यात मँगनीज किती, याची उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी मागावी, आणि आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा.