कुंडल रोडच्या माळावरची माणसं

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे उघड झालं आणि तो मार्ग खुंटला. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची रेखाटनं शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचा सायकलींचा धंदा होता.

सायकलींनंतर कडबा कापायचं यंत्र आलं, 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर आला. लोखंड जमिनीला बाधतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. 1910 मध्ये त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, वर कर्जाऊ पैसेही दिले. तिथे कारखाना आणि त्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली.

माळ म्हणजे निवडुंग आणि साप. इथे पदवीधर इंजिनियर कशाला येईल?

लक्ष्मणरावांनी ज्यांना जमवलं त्यांची यादी आजच्या कुठल्याही मुलाखतीत पहिल्या फेरीतच बाद झाली असती. शंभूराव जांभेकरांचं रीतसर तांत्रिक शिक्षण नव्हतं; यंत्रांत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. पुढे ते कल्पक इंजिनियर म्हणून नावाजले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. तेच पडेल ते काम अंगावर घेणारे व्यवस्थापक झाले. हिशेब मंगेशराव रेगे सांभाळत. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे होता.

यात तत्त्व होतं तशी निकडही होती. पण नुसती निकड असती तर ही माणसं हाताखालचे मदतनीस म्हणूनच राहिली असती. लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर जबाबदारी टाकली, हे महत्त्वाचं. ओतशाळेत लोखंडाचा रस कधी तयार झाला, साच्याची माती किती ओली हवी, हे पुस्तक वाचून कळत नाही. रोज भट्टीसमोर उभं राहून कळतं. तिथे प्रमाणपत्रापेक्षा टिकून राहण्याची तयारी मोलाची होती, आणि ती ओळखण्याची नजर लक्ष्मणरावांकडे होती.

त्या नजरेची खरी कसोटी लागली ती राखणदार नेमताना. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. कारखान्याची आणि वसाहतीची राखण त्यांच्या हाती दिली गेली आणि दोघेही भरवशाचे पहारेकरी ठरले. गावगाड्यात रखवालीचं काम पिढ्यान्‌पिढ्या रामोशांकडे होतं. इंग्रजी अमलात त्यांच्याकडे आधी संशयाने पाहिलं जाऊ लागलं. किर्लोस्करवाडीत त्यांच्यातल्या एकाला जुनं काम आणि जुना मान पुन्हा मिळाला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. जातीवरून माणूस आधीच ठरवून टाकायच्या त्या काळात हे धैर्याचंच काम होतं.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या बातमीपत्रातून पुढे मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. 1926 मध्ये लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीची पदवी घेऊन परतले. न शिकलेल्यांनी उभारलेल्या कारखान्यात आता शिकलेला इंजिनियर आला.

शिक्षा झालेल्यांवर विश्वास टाकण्याची कल्पना त्याच औंध संस्थानात पुन्हा एकदा अमलात आली. 1939 च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली गेली. तिच्यावरून सुचलेली कथा आटपाडी परिसरातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिली आणि 1957 मध्ये व्ही. शांताराम यांनी तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला.