पॅरिसचा जाहीरनामा आणि ओतूरचा खटला

मानवी हक्कांचा विषय निघाला की विद्वान मंडळी थेट पॅरिस गाठतात. व्होल्तेर, रूसो, १७८९ ची क्रांती, २६ ऑगस्टचा जाहीरनामा. हरकत नाही. पण बोरी बुद्रुकमध्ये तरुणांसमोर हा इतिहास मांडताना आम्ही पॅरिसहून ओतूरला येतो. ओतूर आपल्याच जुन्नर तालुक्यातले. या दोन गावांना जोडणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले.

जोतीरावांनी १८४७ मध्ये थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. पेन जन्माने इंग्रज, पण फ्रेंच क्रांतीची बाजू घेऊन उभा राहिला, तिथल्या कन्व्हेन्शनवर निवडून गेला आणि पुढे तिथल्याच तुरुंगात पडला. त्याच्या पुस्तकात फ्रेंच जाहीरनाम्याची सतराही कलमे इंग्रजीत दिलेली आहेत. विशीतल्या शूद्र तरुणाच्या हाती पॅरिसचा कागद आला तो असा.

आता त्या कागदातला ‘माणूस’ कोण, ते बघा. स्त्री-पुरुष समान आहेत, असे पुलँ द ला बार या फ्रेंच लेखकाने १६७३ मध्येच लिहून ठेवले होते. तरी जाहीरनाम्यात बाई आली नाही. ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा काढला. १७९३ मध्ये क्रांतिकारकांच्याच राजवटीत तिचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. फ्रेंच बाईला मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये! वसाहतींतली गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द केली, ती नेपोलियनने १८०२ मध्ये परत आणली.

जोतीरावांनी ही त्रुटी तशीच उचलली नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापले गेले. त्यात मानवी अधिकारांचे धनी म्हणून स्त्री आणि पुरुष असा दोघांचा स्पष्ट उल्लेख आहे. सत्यशोधक लग्नाच्या मंगलाष्टकांत तर वधूच वराकडून स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते.

आणि हे पुस्तकातच राहिले नाही. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीला न बोलावता घरची लग्ने लावली. गावजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला. भांडण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. ‘हक्क’ हा एकच शब्द दोन्हीकडून लढत होता: एकीकडे दक्षिणेचा वंशपरंपरागत हक्क, दुसरीकडे स्वतःचे लग्न स्वतःच्या रीतीने लावण्याचा माणसाचा हक्क.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. ते आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण आपल्या किती घरांत आजही गुपचूप मुहूर्त बघितला जातो? बौद्ध विवाहात वधू-वरांच्या प्रतिज्ञा डीजेची वेळ गाठायची म्हणून किती घाईत उरकतात? पुढच्या लग्नसराईत बोरीतल्या मंडपात त्या प्रतिज्ञा सावकाश, माइकवर आणि आधी वधूच्या तोंडून घ्यायच्या, असे आम्ही ठरवले आहे. भावकीतल्या दोघांनी नाके मुरडली आहेत. त्यांना ओतूरचा खटला सांगून झाला आहे.