पदच्युत राजा आणि लोकमत : आप्पासाहेब भोसले यांच्यावरील आरोपांचा विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे सारे आयुष्य इतिहासाच्या अध्यापनात गेले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण माझी निवड केली, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय निवडताना मी एकच कसोटी लावली : तो आपल्या मातीतला असावा आणि त्याचा निकाल अजून लागलेला नसावा. नागपूरचे राजे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांची कथा या दोन्ही कसोट्यांना उतरते. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून निर्माण झाला. त्यापूर्वी वैनगंगेकाठचा हा मुलूख दीर्घकाळ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १९५६ साली प्रांतरचना बदलली, नागपूर एका राज्यात गेले आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. तरीही भोसल्यांचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे.

आप्पासाहेबांविषयी आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत. एका मताप्रमाणे ते इंग्रजांविरुद्ध उठलेले स्वातंत्र्यप्रेमी राजे होते. दुसऱ्या मताप्रमाणे ते आपल्या आंधळ्या चुलतभावाचा घात करणारे कपटी पुरुष होते. या दोन मतांपैकी एक निवडा, असे मी आपणास सांगणार नाही. आधी घटना पाहू.

रघूजी भोसले दुसरे हे २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी गादीचे वारस होते. परंतु ते दृष्टिहीन होते, शरीराने पंगू होते आणि राज्यकारभार पाहण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. तेव्हा कारभार कोणी पाहावा, हा प्रश्न उभा राहिला. दरबारात दोन पक्ष पडले. रघूजींचे पुतणे, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र आप्पासाहेब यांनी विरोधी पक्षाच्या धर्माजी भोसल्यांना कैद केले आणि कारभार आपल्या हाती घेतला. आपली बाजू बळकट व्हावी म्हणून त्यांनी इंग्रजांशी संधान बांधले. २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह झाला. जो तह करण्याचे रघूजींनी हयातभर टाळले, तो त्यांच्या निधनानंतर अवघ्या दोन महिन्यांत झाला. पुढे ज्यांना इंग्रजांचे शत्रू म्हणून गौरविले गेले, त्याच आप्पासाहेबांनी कंपनीची फौज नागपुरात आणली, हे आपण विसरता कामा नये.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी आपल्या बिछान्यात मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे गेलेले होते. शहरात कुजबुज झाली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या कानावरही ती गेली असावी. परंतु कंपनी सरकारने त्या वेळी कोणतीही हरकत घेतली नाही आणि आप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता दिली. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुण्यास बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी युद्ध सुरू केले. आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेला सेनासाहेबसुभा हा किताब आणि वस्त्रे जाहीर रीतीने स्वीकारली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि संख्येने कितीतरी मोठी असूनही भोसल्यांची फौज मागे हटली. हल्ला आपल्या इच्छेविरुद्ध झाला, असे आप्पासाहेब नंतर सांगू लागले. १६ डिसेंबरला ते इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. राजा शत्रूच्या छावणीत असताना त्याची फौज मात्र बाहेर लढत होती आणि शहरातील अरब शिपायांनी तर महिनाअखेरीपर्यंत शस्त्र खाली ठेवले नाही. जानेवारी १८१८ मध्ये नवा करार करून नर्मदेच्या उत्तरेचा मुलूख आणि इतरही बराच प्रदेश घेऊन इंग्रजांनी त्यांना पुन्हा गादीवर बसविले. पण मार्चच्या मध्यास जेंकिन्स यांनी त्यांना अटक केली. बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार, गोंड सरदारांना उठावाची चिथावणी आणि परसोजींचा खून, असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले.

या आरोपांची चौकशी कोणत्या न्यायासनासमोर झाली? कोणत्याच नाही. आप्पासाहेबांना अलाहाबादकडे नेण्यात येत असताना १३ मे १८१८ च्या सुमारास, जबलपूरजवळच्या रायचूर येथील मुक्कामातून, पहाऱ्यावरील काही शिपायांना फितवून आणि शिपायाचा वेष घेऊन ते निसटले. त्यानंतर त्यांना कोणीही पकडू शकले नाही.

आता आपण लोकमताकडे वळू. त्या काळी आपल्या भागात वर्तमानपत्रे नव्हती, सभा नव्हत्या, मतदान नव्हते. मग लोकांचे मत काय होते हे कशावरून ओळखावे? माणसे काय बोलली याची नोंद नसेल, तर ती कशी वागली हे पाहावे लागते. पळालेल्या राजाला धरून देणाऱ्यास एक लाख रुपये आणि शिवाय जहागीर देण्यात येईल, असे जाहीर झाले. महादेवाच्या डोंगरातील गोंड ठाकूर मोहनसिंग याच्या आश्रयाने आप्पासाहेब कित्येक महिने राहिले. त्या डोंगरातील गावोगावच्या अनेकांना त्यांचा ठावठिकाणा माहीत असणार. लाख रुपये म्हणजे त्या काळी पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य दूर करणारी रक्कम. तरीही त्यांना कोणी धरून दिले नाही. आपल्या परिसरातही हालचाल झाली. आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याने १८१८ मध्ये बंड केले आणि ते मोडून काढण्यासाठी फौज पाठवावी लागली. कामठ्याच्या जमीनदारीचे संबंध वैनगंगेच्या या अंगाच्या गावांपर्यंत पोहोचत होते, हे येथील जुन्या घराण्यांना सांगावयास नको.

१८१९ च्या आरंभी आप्पासाहेब डोंगर सोडून असीरगडाकडे गेले. एप्रिलमध्ये तो किल्ला इंग्रजांनी घेतला. आप्पासाहेब तेथेही सापडले नाहीत. पुढे ते रणजितसिंहांच्या लाहोरास गेले, तेथून हिमालयातील मंडी संस्थानात आणि शेवटी जोधपुरास. जोधपूरचे महाराज मानसिंह यांनी त्यांना आश्रय दिला आणि शरणागताला इंग्रजांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. तेथेच १८४० साली त्यांचा अंत झाला.

या सर्वांवरून पुष्कळ लेखकांनी असा निष्कर्ष काढला की, जनतेने आप्पासाहेबांना निर्दोष ठरविले होते. हा निष्कर्ष मला मान्य नाही. आश्रय देणे म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला देणे नव्हे. दारी आलेल्याला शत्रूच्या हाती द्यावयाचे नाही, हा गोंडांचा आणि राजपुतांचा दोघांचाही धर्म. गोंड सरदारांना स्वतःची गाऱ्हाणी होती, स्वतःची जमीन राखावयाची होती. परसोजींचा खून झाला की नाही, या प्रश्नावर त्यांनी विचार केला असेल असे मानण्यास आधार नाही. त्यांच्या वर्तनाने एका निराळ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. तो प्रश्न असा : या राजाचा न्याय करण्याचा अधिकार इंग्रजांना आहे काय? आणि ते उत्तर होते, नाही.

माझे आजचे मुख्य प्रतिपादन हेच आहे. पदावरून उतरलेल्या सत्ताधीशाविषयी लोक बोलतात तेव्हा तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. त्याचे शील कसे होते, हा पहिला. ज्या विशिष्ट गुन्ह्याचा आरोप आहे तो त्याने केला काय, हा दुसरा. आणि न्याय करावयास जो बसला आहे, त्याला तो अधिकार आहे काय, हा तिसरा. लोकमत पुष्कळदा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते आणि इतिहासकार ते पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर म्हणून लिहून ठेवतात.

इंग्रजांच्या बाजूचा दोषही तितकाच स्पष्ट आहे. जेंकिन्स हे आरोप करणारे. अटक करणारेही तेच. आप्पासाहेबांच्या जागी रघूजी तिसरे या अल्पवयीन मुलास बसविल्यावर १८२६ पर्यंत राज्याचा कारभार चालविणारेही तेच. आणि १८२७ साली प्रसिद्ध झालेला नागपूर राज्याविषयीचा जो अहवाल पुढच्या सर्व लेखकांचा आधार झाला, तोही त्यांचाच. तो अहवाल परिश्रमाने लिहिलेला आहे आणि महसूल, शेती व लोकस्थिती यांविषयी त्याच्याइतके मोलाचे साधन दुसरे क्वचितच सापडेल. पण फिर्यादी, शासनकर्ता आणि इतिहासकार जेथे एकच व्यक्ती असते, तेथे वाचकाने दुप्पट सावध राहिले पाहिजे. फेब्रुवारी १८१७ मध्ये ज्या मृत्यूबद्दल सरकारने मान्यतेसह मौन पाळले, तोच मृत्यू १८१८ मध्ये, राजा गैरसोयीचा झाल्यावर, खून ठरला. यावरून खून झालाच नाही असे सिद्ध होत नाही, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगतो. उशिरा केलेला आरोपही खरा असू शकतो. मात्र सोय पाहून केलेल्या आरोपावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि मग खऱ्या आरोपाचेही तेज जाते.

रीतसर खटला चालला असता तर शंका फिटली असती काय? याचे उत्तर देण्यास बडोद्याचे उदाहरण उपयोगी पडेल. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. सरकारने सहा जणांचे कमिशन नेमले. सर रिचर्ड कौच अध्यक्ष, त्यांच्याबरोबर मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह व सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील विलायतेहून आले. निकाल तीन विरुद्ध तीन असा लागला : इंग्रज सभासदांच्या मते आरोप शाबीत, हिंदी सभासदांच्या मते शाबीत नाही. तरीही एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासेस पाठविण्यात आले. कारण दिले ते गैरकारभाराचे. तो गैरकारभार काल्पनिक नव्हता. १८७३ च्या चौकशीत रयतेच्या तक्रारी पुढे आल्या होत्या आणि दादाभाई नवरोजींसारख्या दिवाणालाही तेथे फार काळ टिकता आले नव्हते. पण विषप्रयोगाचा खटला चालवून शिक्षा गैरकारभाराची दिल्यामुळे, ज्यांना मल्हाररावांचा कारभार मुळीच पसंत नव्हता, अशा देशी वृत्तपत्रांनीही त्यांची बाजू उचलून धरली. येथेही लोकमताने तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले.

हा प्रकार केवळ परकी राज्यात घडतो असेही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला आणि महिन्याभरातच त्यांचे उत्तराधिकारी फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. देशाची जखम लवकर भरावी हा हेतू सांगितला गेला. पण खटलाच न झाल्याने निक्सन यांच्याविषयीचा वाद चालतच राहिला आणि फोर्ड १८७६ साली नव्हे, तर त्या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १९७६ साली, निवडणूक हरले. शतक बदलले, राज्यपद्धती बदलली, तरी न टाळता येणारा धडा तोच : ज्या आरोपाची निःपक्ष सुनावणी होत नाही, तो आरोप मरत नाही आणि सिद्धही होत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. आप्पासाहेब वीर की खलनायक, या वादात एक माणूस आपण पूर्णपणे हरवून बसलो आहोत. ते म्हणजे परसोजी. ते दृष्टिहीन होते, परावलंबी होते, जन्माने राजे असून स्वतःच्या दारावर कोण पहारा करील हेही ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांचा मृत्यू इंग्रजांना आधी गैरसोयीचा वाटला नाही म्हणून त्यांनी तो दुर्लक्षिला. पुढे सोयीचा वाटला म्हणून वापरला. आणि आप्पासाहेबांच्या गौरवार्थ लिहिणाऱ्या आपल्या लोकांनी, इंग्रजांनी लावलेला कलंक एवढे म्हणून तो पुसून टाकला. त्या दुर्बल माणसाचे खरोखर काय झाले, हे विचारण्याची निकड कोणत्याच पक्षाला वाटली नाही. पक्ष घेऊन लिहिलेल्या इतिहासात दुर्बलाला वकील मिळत नाही. परकीयांविरुद्ध आपल्या राजाची बाजू घ्यावी ही भावना मी समजू शकतो. पण त्या भावनेची किंमत परसोजींच्या विस्मृतीने चुकवावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुढील आयुष्यात आपल्यासमोर अशी पुष्कळ प्रकरणे येतील. मोठ्या पदावरची माणसे उतरतील, त्यांच्यावर आरोप होतील, गावातल्या चौकात दोन तट पडतील. तेव्हा कोणत्याही तटात उभे राहण्यापूर्वी ते तीन प्रश्न वेगवेगळे मांडून पाहा. न्याय करणारा पक्षपाती आहे, एवढ्यावरून आरोपी निर्दोष ठरत नाही. आरोपी दुर्गुणी आहे, एवढ्यावरून तो विशिष्ट गुन्हा त्याने केला असेही ठरत नाही. आणि या दोघांच्या झगड्यात ज्याचे नुकसान झाले, त्याचे नाव कोणी घेत आहे काय, हेही अवश्य पाहा. इतिहासाच्या अभ्यासाने एवढी सवय जरी अंगी बाणली, तरी तो अभ्यास सार्थकी लागला असे मी म्हणेन.